दुपारी बाराला ध्रुवतारा कुठनं आणायचा?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : सर, मी राजारामपुरीत राहतो. दिवाळीत एक सेकंड हँड टेलिस्कोप घेतला, चार इंची लेन्सचा, खाली वजन लटकतंय तसला इक्वेटोरियल माउंट (म्हणजे ध्रुवताऱ्याकडं रोखलेल्या अक्षाभोवती नळी फिरवणारी बैठक) आणि सूर्य-तारे सरकतील तशी नळी फिरवायला त्याला मोटर. पुढच्या तोंडाला लावायचा सोलर फिल्टर पण वेगळा घेतला. सगळे सांगतात रात्री ध्रुवतारा बघून माउंट लाव आणि तसाच ठेव, पण आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांचा तीन मजली बंगला आहे, आणि गच्ची सामाईक, सकाळी तिथं पापड-सांडगे वाळत असतात, रात्रभर काही ठेवता येत नाही. मग मी डोकं लावलं, जानेवारीअखेर संध्याकाळी सूर्य जिथं मावळला ती पश्चिम धरली आणि तिला काटकोनात खडूनं उत्तरेची रेघ मारली. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर चालू असून दहा मिनिटांत सूर्य निम्म्याहून जास्त बाहेर. मोटर गेली का? की दिवसा हे जमतच नाही?

उत्तर : मोटर बिचारी ठणठणीत आहे हो, तिला दुकानात नेऊ नका. घोळ त्या पश्चिमेत आहे. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला हे उदाहरण लगेच पटेल. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव कधी असतो? नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर. त्या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन देवीपर्यंत पोचतात. आता सूर्य रोज त्याच जागी मावळत असता तर हा सोहळा वर्षभर रोज झाला असता, गर्दी करायची गरजच नव्हती. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्चच्या २१ च्या आसपास आणि सप्टेंबरच्या २३ च्या आसपास, बाकी वर्षभर तो इकडं तिकडं सरकत असतो. जानेवारीअखेर कोल्हापुरातनं तो पश्चिमेपासून जवळजवळ १८ अंश दक्षिणेला मावळतो, डिसेंबरात तर २४ अंशाच्याही पुढं. म्हणजे तुमची उत्तर १८ अंशांनी पश्चिमेकडं ढळलेली, आणि एवढ्या चुकीनं दुपारी सूर्य साधारण सात मिनिटांत स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो. तुम्ही दहा मिनिटं म्हणताय, म्हणजे हिशोब जुळतोय बघा.

दिवसा जमतं का, तर जमतं. ध्रुवताऱ्याचं काम दोनच गोष्टी सांगायचं असतं, माउंटचा अक्ष किती वर उचलायचा आणि कुठल्या बाजूला वळवायचा. पहिलं तर तोंडपाठ करून टाका, कोल्हापूरचा अक्षांश १६.७, म्हणजे अक्ष १६.७ अंश वर. तुमचा बंगल्यामागं दडलेला ध्रुवतारा पण तेवढाच वर असतो, म्हणून तर तो आपल्याकडं कुणाच्या ना कुणाच्या टाकीमागं सापडतो. माउंटवरच्या छापील आकड्यावर फार विसंबू नका, गवंडी वापरतो ती लेव्हल पट्टी ठेवून आधी तिकाटणं, म्हणजे खालचा तीन पायांचा स्टँड, सपाट करा आणि मग फोनमधलं कोन मोजायचं अ‍ॅप अक्षाच्या अंगाला टेकवून बघा. फोन नको असेल तर पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट, तेवढ्यात अर्ध्या अंशापर्यंत काम होतं. एक अडचण येईल ती आधीच सांगतो, ही माउंट बहुतेक थंड देशांच्या हिशोबानं बनलेली असतात, तिकडं अक्ष ४०-५० अंश वर असतो, आपल्याकडं एवढा आडवा केला की वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायाला आपटतो. तसं झालं तर तिकाटणं असं फिरवा की एक पाय दक्षिणेला आणि उत्तरेला दोन पायांच्या मधे मोकळी जागा, दांडा तिथनं जातो.

आता दुसरं, उत्तर दिशा. पहिल्यांदा सगळे फोनचा कंपास काढतात. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात फरक अगदी थोडा, तक्रार ती नाहीच. तक्रार आहे स्लॅबमधल्या सळयांची, टाकीच्या लोखंडी स्टँडची, खुद्द माउंटच्या वजनाची आणि फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाची. माझ्या गच्चीवर जिन्याच्या लोखंडी दाराजवळ फोन एक उत्तर दाखवतो आणि चार पावलं सरकलं की दुसरीच, दोन्हीकडं तितक्याच आत्मविश्वासानं. कंपास अंदाजाला ठेवा, बास.

खरा उपाय सावलीचा, आणि तो एकदाच करायचा आहे. ओळंबा घ्या, गवंड्याचा असतो तो पितळी असला तर उत्तम, नाहीतर दोरीला दगड. कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला किंवा कशालाही दीड मीटर उंचीवरनं लटकवा. वाऱ्यानं हलतो म्हणून खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवायचं, म्हणजे दोरी गप उभी राहते. सूर्य बरोबर मध्यावर आला की त्या दोरीची जी सरळ सावली पडते ती म्हणजे तुमची उत्तर-दक्षिण रेघ. खडूनं दोन टोकं मार्क करा, खात्री झाली की ऑइल पेंटनं पक्की करून टाका, पापडवाल्यांना काय त्रास नाही. मग कधीही वर गेलात की माउंट त्या रेघेवर ठेवायचं, दोन मिनिटांत जुळवणी.

आता सूर्य मध्यावर कधी येतो, तर बाराला नाही. घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि कोल्हापूर ७४.२४ वर, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे ३३ मिनिटांचा फरक. म्हणून सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी. त्यात परत सूर्य स्वतः वर्षभर थोडा पुढं मागं करतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ लाच मध्यावर येतो, डिसेंबरच्या २५ ला १२:३३, जानेवारीच्या मध्याला १२:४२ आणि फेब्रुवारीच्या ११-१२ ला १२:४७. आकडे नको असतील तर त्या दिवशीच्या उगवतीची आणि मावळतीची वेळ घेऊन मधली वेळ काढा, तीच. फक्त ती वेळ कोल्हापूरची हवी, मुंबईची छापील वेळ घेतलीत तर साडेपाच मिनिटं चुकाल आणि रेघ दोन अंशांनी वाकडी होईल.

महिने थंडीचेच का सांगितले ते ऐका, कारण यात माझी फजिती झालेली आहे. पहिला टेलिस्कोप आला तेव्हा मे महिना होता. बरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं, दुपारी सावली जिकडं पडते ती उत्तर. मी आपला भर उन्हात टोपी घालून उभा, सावली पडली अंगठ्याएवढी, तिच्या दिशेला माउंटचं तोंड केलं आणि मोटर चालू केली. सूर्य मिनिटभरात पळाला. परत आणला, परत पळाला. मोटर बंद केली तर हळू पळायला लागला! डोकं खाजवत बसलो, शेवटी लक्षात आलं की माउंट उत्तरेला नाही, कागलच्या बाजूला तोंड करून उभं आहे आणि मोटर सूर्याच्या बरोब्बर उलट फिरतेय. ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. आपल्याकडं ६ मेच्या आसपास तो थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथनं साधारण ६ ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला. शिवाय सूर्य डोक्यावर असताना सावली इतक्या जोरात फिरते की घड्याळ एक मिनिट चुकलं तर रेघ कित्येक अंश वाकडी. थंडीत तीच एका मिनिटाची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास राहते. म्हणून रेघ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मारायची.

उन्हाळ्यातच हौस असेल तर आपली जुनी रीत आहे, शंकूची. कात्यायन शुल्बसूत्रात आहे, सूर्यसिद्धांतात पण आहे. जमीन सपाट करायची, मधोमध उभी काठी, तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक आक्रसत येऊन वर्तुळाला शिवतं तिथं एक खूण, दुपारनंतर टोक वाढत जाऊन परत शिवतं तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. घड्याळ नको, रेखांश नको, इंटरनेट नको. फक्त मधल्या वेळेत कुणी काठीला धक्का मारता कामा नये, आणि सामाईक गच्चीवर तेच अवघड.

रेघ झाली, माउंट बसलं, आता सूर्यावर नळी आणायची. फिल्टर आधी लावायचा, टेपनं चारी बाजूंनी चिकटवायचा, वारं सुटलं तरी निघता कामा नये. फाइंडर म्हणजे वरची छोटी दुर्बीण काढून ठेवा किंवा दोन्ही बाजूंनी झाकणं घाला. आणि सूर्याकडं न बघता नळीची जमिनीवर पडलेली सावली बघा, लांबुळकी असेल तर हळूहळू फिरवत ती बारीक करत न्यायची, पार गोल थाळीएवढी झाली की सूर्य आत आलेला असतो.

बारीक जुळवणी करायची तर दुपारी मध्यान्हाच्या आसपास सूर्यावरचा एखादा डाग नाहीतर बिंबाची कड मधे घेऊन दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. आधी नळी किंचित ध्रुवाच्या बाजूला ढकलून बघा, सूर्य ज्या काठाकडं जातो तो तुमच्या आयपीसमधला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातला, दक्षिण काठ, नाहीतर आरशांच्या उलट-सुलट भानगडीत दिशा कळत नाहीत. सूर्य उत्तरेकडं सरकत गेला तर माउंटचं तोंड पश्चिमेला ढळलंय, किंचित पूर्वेला वळवा, दक्षिणेकडं सरकला तर उलटं. तोच प्रयोग सकाळी आठ-नऊला सूर्य पूर्वेला असताना केला तर उंची कळते, उत्तरेकडं सरकला तर अक्ष जास्त उचललाय, दक्षिणेकडं तर कमी.

पण एक सांगू, एवढं नुसत्या बघण्यासाठी लागत नाही. अक्ष एक अंश चुकलेला असला तर सूर्य तासाभरात फार फार तर अर्ध्या बिंबाएवढा सरकतो, बटण एकदा दाबलं की परत मधे. लोक डेसिमलमध्ये जुळवणी करत बसतात आणि तोवर ढग येतात. फोटोंची मालिका काढायची नसेल तर रेघेवर ठेवा आणि बघायला लागा.

प्रश्न : माझ्याकडं गो-टू हँडसेट आहे, म्हणजे बटण दाबलं की नळी आपोआप हव्या त्या ताऱ्यावर नेणारा रिमोट, त्याच्या यादीत सूर्यच नाही. सदोष आहे का? – एक वाचक, उचगाव

उत्तर : मुद्दाम लपवलेला असतो, पोरांनी चुकून बटण दाबून उघडी नळी सूर्यावर नेऊ नये म्हणून. सेलेस्ट्रॉन कंपनीच्या हँडसेटमध्ये युटिलिटीजमध्ये जाऊन सन मेनू चालू करावा लागतो. मग ‘सोलर सिस्टिम अलाइन’ला सूर्य घ्या, एकाच गोष्टीवर जुळवणी होते, दिवसभराला पुरते. इक्वेटोरियल असेल तर नळी सुरुवातीच्या जागी ठेवून सूर्यावर जायला सांगा आणि जो फरक उरेल तो हँडसेटच्या बटणांनी न काढता माउंटच्या खालच्या स्क्रूंनी काढा, म्हणजे अक्षच जागेवर येतो. आणि तारीख बघून घाला हो. हँडसेट ती अमेरिकन पद्धतीनं, महिना आधी, मागतो, ८ जानेवारी म्हणून ०८/०१ घातलं की तो १ ऑगस्ट समजतो आणि नळी भलतीकडंच जाते.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, त्याच्या मामानं वाढदिवसाला ६० मिलिमीटरचा टेलिस्कोप दिला. त्यात डोळ्याजवळच्या भिंगाला फिरवून बसवायची एक छोटी काळी-हिरवी काच आहे, तिच्यावर सन असं लिहिलंय. ती लावून सूर्य बघितला तर चालेल का? – एक आई, गडहिंग्लज

उत्तर : नाही ताई. ती काच आजच हातोडीनं फोडा, आणि मुलाच्या समोर फोडा. ठेवून दिली तर कधी ना कधी तो वापरणार. कारण साधं आहे, ६० मिलिमीटरची लेन्स आणि उन्हात आकसलेली आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे उघड्या डोळ्यापेक्षा चारशे ते नऊशे पट उजेड ती लेन्स गोळा करते, आणि हा सगळा जाळ त्या नखाएवढ्या काचेवर एकवटतो. काच तापते आणि तडकते, आणि तडकते तेव्हा पोराचा डोळा तिथंच असतो. डोळ्याच्या पडद्याला दुखतही नाही, म्हणून तो डोळा बाजूला पण घेणार नाही.

फिल्टर पुढं हवा, मोठ्या लेन्सच्या तोंडावर, म्हणजे उजेड आत शिरायच्या आधीच लाखातला एक भाग सोडून बाकी परत. चंदेरी कागदासारखी फिल्म मिळते, बाडर कंपनीची चांगली असते, घेताना ५.० लिहिलेली घ्या, ३.८ची फक्त फोटोसाठी असते. पुठ्ठ्याची घट्ट टोपी करून त्यात ती सैलसर बसवा, ताणू नका, सुरकुत्या असल्या तरी चालतात, भोक मात्र एकही नको, दर वेळी उजेडाकडं धरून बघायचं.

फाइंडरचं वर सांगितलंय तरी परत सांगतो. एकदा मी मोठ्या नळीला फिल्टर लावला, फाइंडरचं झाकण विसरलो, आणि बाहेरचा उजेड नको म्हणून डोक्यावर घोंगडं घेऊन आरामात डाग मोजत बसलो. थोड्या वेळानं लोकर करपल्याचा वास. खांद्यावर घोंगड्याला वाटाण्याएवढं भोक, आणि कडा अजून धुमसतायत. एवढाच जाळ होता त्या ३० मिलिमीटरच्या भिंगाचा. घोंगडं अजून आहे, भोक नव्या लोकांना दाखवायला कामाला येतं.

प्रश्न : वेल्डिंगची काच चालेल का? उद्यमनगरात सहज मिळते. – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नुसत्या डोळ्यानं बघायला १४ नंबरची, त्याच्या खालची नाही. टेलिस्कोपला कुठलीच नाही, पुढं पण नाही आणि मागं तर नाहीच. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, हे विचारायच्या आधीच नाही. ग्रहणाचा चष्मा घालून टेलिस्कोपमधनं बघणं पण नाही.

प्रश्न : दुपारी सूर्याची कड पाण्यात बघितल्यासारखी लवलवते. फोकस नीट होत नाही. कधी बघावं?

उत्तर : सकाळी, आठ ते दहाच्या दरम्यान. त्यानंतर स्लॅब तापतो आणि त्यावरची गरम हवा तुमच्या नळीसमोरनं वर जात राहते, पत्र्याची शेड शेजारी असेल तर बघायलाच नको. गच्चीपेक्षा हिरवळ बरी आणि हिरवळीपेक्षा पाणी बरं. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधलीय ती याचसाठी, पाणी जमिनीसारखं लगेच तापत नाही, वरची हवा शांत राहते. आपल्याला बेट नाही पण रंकाळा आहे, सकाळी काठावर असं उभं राहा की सूर्य पाण्याच्या पलीकडं येईल. फिरायला आलेले लोक जमतात आणि प्रत्येकजण एकदा बघू दे म्हणतो, त्याला इलाज नाही.

प्रश्न : आमची शाळा राधानगरी भागात, टेलिस्कोप नाही, मुलं ४०. सूर्यावरचे डाग सगळ्यांना एकदम दाखवता येतील असं काही आहे का?

उत्तर : आहे सर, आणि खर्च एका आरशाचा. हातात मावेल एवढा सपाट आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध ५-६ मिलिमीटरचं भोक, पंचिंग मशीनचं होतं तेवढं. आरसा बाहेर उन्हात विटांमध्ये घट्ट बसवून कवडसा वर्गाच्या दारातनं आत पाठवा, वर्गाच्या खिडक्या बंद, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद. जवळ धरलं तर भोकाच्या आकाराचा कवडसा दिसतो पण २० मीटर लांब गेला की ते सूर्याचं बिंब असतं, भोक चौकोनी असलं तरी गोलच. अंतराला १०८ नं भागलं की बिंबाची रुंदी येते, २० मीटरला साडेअठरा सेंटिमीटर. मोठा डाग असेल तर अस्पष्ट ठिपक्यासारखा दिसतो, लहान डाग यात दिसणार नाहीत, खोटं कशाला सांगू. पण ग्रहणाला याच्यासारखं दुसरं काही नाही, २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडं खंडग्रास आहे, राधानगरीच्या पावसानं उघडीप दिली तर.

बिंब भिंतीवरनं सरकताना डोळ्यांना दिसतं, दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढं. मुलांना पेन्सिलनं कडेची खूण करून घड्याळ लावायला सांगा. आरशापाशी मात्र एक मोठा माणूस उभा करा, कारण ४० पैकी एक तरी जाऊन त्यात डोकावतोच.